बोटभर जास्तीची डोलकाठी

शिडाच्या जहाजाचा झेंडा पुढे उडतो, मागे नाही. वारा मागून येतो, शीड फुगवतो, जहाजाला पुढे ढकलतो. मग झेंडा मागे कसा उडेल? पण गिऱ्हाइकाला हे पटेल तर शपथ! पुण्याचे एक वकील आपलं जहाज न्यायला आले आणि झेंडा बघून म्हणाले, "उलटा लावलात हो." मी नीट समजावून सांगितलं. तरी त्यांचं आपलं एकच, "मंत्र्यांच्या मोटारीवरचा झेंडा तर मागे उडतो." मी म्हणालो, "मग मोटारीला शीड लावून बघा." झालं! वकील जहाज न घेताच टांग्यात बसले आणि आमचे बाबल मेस्त्री दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "तुमच्या त्या खेळण्यांच्या धंद्याबद्दल लिहा." खेळणी डोंबलाची! पोराच्या हातात दिली तर संध्याकाळपर्यंत टिकणार नाहीत अशी नाजूक जहाजं आम्ही करायचो. मुंबईच्या आगबोटीच्या कंपन्या ती काचेच्या पेटीत घालून कचेरीत ठेवायच्या. पण असू दे. पन्नासच्या दशकात चिंचवडला बसून, समुद्रापासून अख्खा घाट अलीकडे, आम्ही जहाजं बांधायचो हे आज कुणाला सांगितलं तर हसतात. खुद्द मी समुद्र पाहिला तो धंदा सोडल्यावर. पाहून फार काही वाटलं नाही.

आमच्या घरातला धंदा पटवेकरीचा. म्हणजे दागिने गाठायचे. सोनार मणी, वाट्या, पुतळ्या करतो; त्या रेशमात ओवून, मधे गाठी मारून, मागे गोंडा बांधून बाईच्या गळ्यात घालण्याजोग्या करतो तो पटवेकर. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, ताठ ओढायचा आणि दोन्ही हातांनी गाठत जायचं. चिंचवडच्या बाजारात वडिलांची बैठक होती, चाकणच्या आठवडे बाजारालाही आम्ही जायचो. एक दिवस एक काळासावळा, रुंद पंजांचा माणूस बैठकीसमोर उभा राहिला. घ्यायचं काही नाही, नुसता माझे हात बघत राहिला. शेवटी म्हणाला, "माझ्याकडे येतंस? ह्याच गाठी. फक्त बायलमाणसाच्या गळ्यात नाय, काठीच्या गळ्यात."

ते बाबल मेस्त्री. मालवणकडचे, खरी गलबतं बांधणारे सुतार. स्टेशनजवळ गवताच्या जुन्या वखारीत त्यांनी आपलं काम मांडलं होतं. लाकूडकाम त्यांचं, दोरकाम माझं. दोरकाम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. डोलकाठी, म्हणजे शिडाचा खांब, नुसती खोचून उभी राहत नाही. तिला दोन्ही बाजूंनी दोरांनी ताणून धरावं लागतं. एक दोर कसला की समोरचा ढिला होतो, तो कसला की काठी तिकडे झुकते. शिवाय सुती दोरा पावसाळ्यात ओढला जातो आणि उन्हाळ्यात लोंबतो. म्हणून दोऱ्याला मेण लावायचं, आतले दोर आधी बांधायचे, बाहेरचे मागून. क्रम चुकला तर चिमटा आत जात नाही आणि सगळं सोडून पुन्हा बांधावं लागतं. मंगळसूत्र गाठताना बाई समोर बसून घाई करते, इथे तेवढा त्रास नव्हता.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना. पिंपरीच्या निर्वासितांच्या कँपातले कापडवाले तोलाराम कराचीहून ज्या आगबोटीनं आले, तिचीच प्रतिकृती त्यांना हवी होती. आम्ही मन लावून केली. त्यांनी ती चारी बाजूंनी फिरून बघितली. मग म्हणाले, "मेस्त्री, जहाज खाली कैसा? हम लोग किधर है?" मेस्त्रींनी काड्यापेटीच्या काड्यांची माणसं करून डेकवर दाटीवाटीनं चिकटवली. तोलाराम पुन्हा आले, खूश झाले, मग वाकून मागच्या टोकाजवळची एक काडी नखानं अलगद उपटली आणि रुमालात बांधली. "माताजी," एवढंच म्हणाले. बोट मुंबईला लागायच्या आधीच म्हातारी गेली होती. जहाज त्यांनी डोक्यावर घेऊन नेलं आणि काडी खिशात घालून वेगळी नेली.

पण मला सांगायचंय ते मेस्त्रींच्या घरातलं.

वखारीच्या मागच्या दोन खोल्यांत ते राहत. घरात बायको, तिला सगळे काकी म्हणायचे, आणि विधवा सून शालू. मुलगा एकच, सदा. मेस्त्रींनीच बांधलेल्या नव्याकोऱ्या गलबतावर तो तांडेल, म्हणजे गलबताचा मुख्य झाला. नुकतं लग्न झालेलं. पहिल्याच फेरीत, गावचा किनारा दिसत असताना, कौलं भरलेलं ते गलबत उलटलं. बाकीचे खलाशी पोहून आले. सदा शिडाखाली सापडला. त्यानंतर मेस्त्री घर बंद करून दोघींना घेऊन घाटावर आले. का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "हंय लाकूड बरा सुकता." मला वाटायचं, पाणी नजरेआड असावं म्हणून आले असतील बिचारे.

काकींनी ही हकीकत मला पहिल्याच दिवशी चहाबरोबर सांगितली, आणि तीही सुनेच्या देखत. तिकडची रीत अशी, की गलबत पहिल्यांदा निघताना तांडेलाच्या बायकोनं त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा. शालूनं मारलेला नारळ फुटला नाही. दुसऱ्यांदा मारला तरी नाही. मग कुणीतरी तिच्या हातातून घेऊन दगडावर आपटला. "हिच्या हातान नारळ फुटलो नाय, तेव्हाच माझ्या काळजात चर्र झाला," काकी म्हणाल्या. शालू पलीकडे भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

तेव्हापासून त्या पोरीचा हात जहाजाला लागू द्यायचा नाही, असा काकींचा कायदा. काचेच्या पेटीतल्या जहाजालासुद्धा! गंमत बघा, आमच्या सगळ्या जहाजांची शिडं शालूच शिवायची. जुनं धोतर चहाच्या पाण्यात उकळून रंगवायची, इतकी बारीक टीप घालायची की माझ्या आईनं तोंडात बोट घातलं. पण बसायचं बाहेर पायरीवर. शीड झालं की खिडकीतून माझ्या हातात द्यायचं. मी एकदा चिडून म्हणालो, "वहिनी, आत येऊन बसा हो, उन्हात काय बसता?" ती म्हणाली, "नको भावजी. माझ्या हाताला गुण नाही." हे ती रडत म्हणाली असती तर मला चाललं असतं. ती ते अगदी साधेपणानं म्हणाली, आपण 'आज सोमवार' म्हणतो तसं. तिचं तिलाच ते पटलं होतं.

एका दुपारी माझी आई धुणं घेऊन विहिरीवर गेली, तर शालू काठावर पाय आत सोडून बसलेली. आईनं तिला दंडाला धरून घरी आणलं, चहा पाजला. शालू म्हणाली, "पाण्यात त्यांना कसं वाटलं असेल ते बघत होते." आई घाबरून गेली. मला म्हणाली, "अरे, त्या मेस्त्रीला काहीतरी सांग. पोर जाईल हातची." मी मेस्त्रींना सांगितलं. ते रंधा मारत होते. रंधा थांबला, पुन्हा सुरू झाला. "बघतंय," म्हणाले. काही बघितलं नाही.

अशात गावाहून रावजीशेट आले. बुडालेल्या गलबताचे मालक हेच. म्हातारे, सज्जन गृहस्थ. त्यांना त्याच गलबताची छोटी प्रतिकृती हवी होती. गावच्या देवळाच्या तळ्यात नारळी पौर्णिमेला ती सोडायची, म्हणजे सदाच्या नावानं काहीतरी केल्यासारखं होईल, असं त्यांच्या मनात होतं. मेस्त्री म्हणाले, "आमी पाण्यातली करूक नाय, पेटीतली करतंव." शेटांनी त्यांचे दोन्ही हात धरले. नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

ते गलबत मेस्त्रींनी ज्या तऱ्हेनं बांधलं तसं काम मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. इतर जहाजांना फोटो असायचे, मापं असायची. याला काही नाही. सगळं हातात होतं. तासताना ते क्षणभरही थांबून आठवत नव्हते. दीड हात लांबीचं गलबत झालं, डोलकाठी उभी राहिली. मी तिचे दोर बांधले, शालूनं खिडकीतून शीड दिलं. हे कुठलं गलबत ते तिला ठाऊक होतं. शीड देताना तिनं ते एकदा गालाला लावलं.

आता पाण्यात सोडायचं गलबत, तर तरंगून बघायला नको? मेस्त्री टाळत होते. आज नको, उद्या बघू. शेवटी मलाच राहवलं नाही. वखारीत घोड्यांना पाणी पाजायचा जुना दगडी हौद होता, तो मी भरला. खऱ्या गलबतात कौलं होती म्हणून कौलाचे बारीक तुकडे करून पोटात ठेवले. मोठ्या हौसेनं हाक मारली, "मेस्त्री, या, सोडतोय!" ते आले. मी गलबत पाण्यावर ठेवलं, छान बसलं. मग शीड उघडून वर्तमानपत्रानं हलकासा वारा घातला. गलबत कलंडलं. कललेलं परत उठेना. बघता बघता आडवं झालं आणि शीड पाण्यावर पसरलं.

"मेस्त्री!" मी ओरडलो. ते हौदाकडे पाठ करून उभे होते. मी पाण्यात सोडण्याआधीच त्यांनी पाठ फिरवली होती, हे मला नंतर लक्षात आलं.

मी कौलं कमी केली, जास्त केली, खाली दाबून बसवली. तीच गत. अहो, मी घाटावरचा माणूस, मला जहाजातलं काय कळतंय? पण दोर बांधून बांधून एवढं कळत होतं की काठी उंच आहे. इतर सगळ्या गलबतांच्या मानानं बोटभर जास्त. मेस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोर सोड. काठी बोटभर कापूया."

"आणि खऱ्या गलबताची?" मी विचारलं. या मापानं बोटभर म्हणजे खऱ्या गलबतावर पुरुषभर.

"पटवेकर, तू दोर सोड."

मला राग आवरेना. मी म्हणालो, "दोर मी सोडणार नाही. तिकडे ती पोर विहिरीत पाय सोडून बसते आणि तुम्ही काठी कापताय? घरात जा आणि दोघींना सांगा. नाहीतर मी सांगतो."

ते म्हणाले, "सांग. तुझा कोण ऐकतला? तू दर्या बघलंस?" खरंच होतं ते. काकींनी मला दारातूनच वाटेला लावलं असतं. मेस्त्रींनी करवत घेतली, काठीला लावली, आणि तशीच लावून किती तरी वेळ बसून राहिले. मग करवत खुंटीला अडकवली आणि बाहेर निघून गेले. काठी कापली नाही. मीही दोर सोडले नाहीत. आम्ही दोघं पुढचे काही दिवस एकमेकांशी कामापुरतंही बोललो नाही.

शेट गलबत न्यायला आले तो दिवस मला अजून दिसतो. आमच्याकडे नेम होता, जहाज वखारीबाहेर पडण्याआधी त्याच्यापुढे नारळ वाढवायचा. तो मेस्त्री वाढवायचे. काकींनी हळदकुंकू आणलं. शालूला म्हणाल्या, "तू जा गो मागे. सावली पडूक नको." शालू उठलीसुद्धा. "मी विहिरीवर जाऊन येते," म्हणाली. हातात घागर नव्हती.

मी मेस्त्रींकडे बघितलं. त्यांनीही ते ऐकलं होतं.

"शालू," मेस्त्री म्हणाले, "हंय ये. नारळ तू फोड."

काकी किंचाळल्याच. शेट गोंधळले. मेस्त्रींनी नारळ शालूच्या हातात दिला. "पयल्या फटक्यात नाय फुटलो, तर परत मार. नारळान कोण बुडत नाय. सदाक मीच बुडयलंय."

आणि मग सगळं सांगितलं. बंदरात शिरताना सगळ्यांच्या आधी आपल्या पोराचं शीड दिसावं, गावानं म्हणावं, तो बघा बाबलचा सदा आला. एवढ्यासाठी त्यांनी डोलकाठी पुरुषभर उंच घेतली होती. शेटांनासुद्धा विचारलं नव्हतं. सांगताना ते एकटक त्या छोट्या गलबताकडे बघत होते.

शालूनं नारळ दोन्ही हातांत धरला होता. मला वाटलं, आता रडेल, मोकळी होईल. तिनं विचारलं, "मामांनू, तुमका ह्या कधी कळला?"

मला वाटलं, मेस्त्री हौदाचं नाव सांगतील. मीच तर बुडवून दाखवलं होतं. मेस्त्री म्हणाले, "गलबत पाण्यात ढकलला, त्याच दिसा."

ढोल वाजत होते, गाव जमलं होतं, सदा फेटा बांधून उभा होता. गलबत पाण्यात शिरताच झोकांडलं आणि ते झोकांडणं मेस्त्रींनी ओळखलं. पण त्या गर्दीत कोण म्हणणार, थांबा, काठी कापायचीय? एक फेरी होऊ दे, मग कापू, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे पुढे पहिल्या फेरीला निघताना नारळ फुटला नाही तेव्हा, काकींनी पहिल्यांदा तोंड सोडलं तेव्हा, पोर पायरीवर उन्हात बसायची तेव्हा, प्रत्येक वेळी या माणसाला ठाऊक होतं. मी त्यांना दुःखी बाप समजून इतके दिवस त्यांची भीड बाळगत होतो.

शालू त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "रोज तुमच्या पानात मी वाढत होते." एवढंच. नारळ तिनं काकींच्या ओटीत ठेवला, आत गेली, लुगड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आली आणि आमच्या समोरून रस्त्याला लागली. विहिरीच्या बाजूला नाही, पिंपरीच्या बाजूला. मी मागे धावलो. तिला कँपात तोलारामांच्या घरी नेलं. त्यांच्या बायकोनं एक अक्षर न विचारता पाट मांडला. घर सोडून येणं म्हणजे काय, ते त्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

रावजीशेटांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि गलबत तिथेच सोडून निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. आणि काकी? काकी शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, "म्हातारो खोटा बोलता. सुनेची कीव आली म्हणान स्वतःवर घेता." पोराला बापानं मारलं यापेक्षा सुनेच्या पायगुणानं मारलं, हे त्या माउलीला सोसायला सोपं होतं. मला तेव्हा त्यांचा संताप यायचा. आता येत नाही.

मेस्त्रींनी पुढे जहाज केलं नाही. पाट, पोळपाट, पाळणे करायचे. कामाला कधी नावं ठेवण्याजोगं काही नसायचं, पण माझ्यासारख्या दोरवाल्याला त्यात काय काम? मी परत बैठकीवर बसलो आणि बायकांच्या घाईला तोंड देऊ लागलो. शालूला औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुण्याचं काम लागलं.

मेस्त्री गेले तेव्हा निरोप मी पोचवला. ती आली नाही. बाराव्या-तेराव्यानंतर काकींनी मला बोलावून घेतलं. फळीवरून एक नारळ काढून दिला. तोच. इतके दिवस तो तसाच ठेवला होता, आतलं पाणी आटून गोटा खुळखुळत होता. "तिका नेऊन दी," काकी म्हणाल्या. "माका घरात ठेवूक जमत नाय, आणि फोडूकय जमत नाय." ते गलबतही मलाच घेऊन जायला सांगितलं. अजून माझ्या कपाटावर आहे, काठी आहे तेवढीच उंच आहे.

शिफ्ट सुटायच्या वेळेला मी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. शालूवहिनी मैत्रिणींच्या घोळक्यात बाहेर आली, कसल्यातरी गोष्टीवर हसत होती. मला बघून थांबली. मी नारळ पुढे केला. कुठला ते सांगावं लागलं नाही. तिनं तो कानाशी धरून हलवला. मग रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता तिथे जाऊन उकिडवी बसली. किती फटक्यांत फुटला ते मला विचारू नका, मी मुद्दाम रस्त्याकडे बघत होतो.

तिनं सगळ्यांच्या हातावर तुकडे ठेवले. एका पोरीनं तुकडा डोळ्यांना लावला, तशी वहिनी तिच्यावर खेकसली, "डोळ्यांना कसला लावतेस? प्रसाद नाही तो. नुसतं खोबरं आहे, खा."

मलाही एक तुकडा दिला. खवट झालं होतं, पण खाल्लं.